आत पाहा : मुलांच्या हाती 'स्क्रॅच'ची किल्ली

मगरिबनंतर आपल्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही घरात डोकावले, तर चित्र साधारण सारखेच दिसते. स्वयंपाकघरात रोट्या होत आहेत, अब्बा नुकतेच कामावरून परतले आहेत आणि त्यांचा मोबाइल धाकट्याच्या हातात गेला आहे. तो पडद्यावरची गाडी पळवतो, नाणी गोळा करतो, हरतो, पुन्हा सुरू करतो. अम्मी रागावून मोबाइल काढून घेते. दहा मिनिटांनी तो पुन्हा त्याच हातात असतो. पालकसभेत आम्हा शिक्षकांना सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच : "मुलांचा मोबाइल सोडवायचा कसा?"

अलीकडे दुसरा एक प्रश्नही येऊ लागला आहे : "सर, कोडिंगचा क्लास लावावा का?" लॉकडाउनच्या काळात अशा शिकवण्यांच्या जाहिरातींचा पूर आला होता. सहा-सात वर्षांच्या मुलाने आताच कोडिंग शिकले नाही तर तो मागे पडेल, अशी भीती त्यांत घातलेली असे. वर्षाची फी काही हजारांत. रिक्षा चालवणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, दुकानात नोकरी करणाऱ्या आपल्या पालकांच्या पोटात अशा जाहिरातीने गोळा येणारच. शिवाय २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मधल्या टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून, मुलांना कोडिंगशी संबंधित उपक्रम द्यावेत असे म्हटले आहे. तेव्हा हा विषय टाळून चालणार नाही.

दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन थांबतात. मूल दुसऱ्याने केलेला खेळ फक्त खेळते, की तो खेळ कसा बनला हे उघडून पाहते? उघडून पाहण्याची सवय लावणारे एक साधन जगात फुकट उपलब्ध आहे. त्याचे नाव 'स्क्रॅच'.

ठोकळ्यांची भाषा

स्क्रॅच ही संगणकाला सूचना देण्याची भाषा आहे. पण तिच्यात इंग्रजी चिन्हांच्या ओळी टाइप कराव्या लागत नाहीत. सूचना रंगीत ठोकळ्यांवर लिहिलेल्या असतात. मुलाने ठोकळा उचलायचा, दुसऱ्या ठोकळ्याखाली सरकवायचा, की दोन्ही जुळतात. हालचालीचे ठोकळे निळे, रूप बदलणारे जांभळे, सुरुवात करून देणारे पिवळे, गणिताचे हिरवे. बाजूला एक छोटा रंगमंच असतो आणि त्यावर एक नारिंगी मांजर उभे असते. हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली की ठोकळ्यांतल्या सूचना मांजर वरून खाली, एकामागून एक पाळत जाते.

अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्रॅच तयार केले आणि २००७ साली ते सर्वांसाठी खुले झाले. त्यामागची प्रेरणा बोस्टनमधल्या 'कॉम्प्युटर क्लबहाउस'मधून आली. १९९३ साली सुरू झालेल्या या केंद्रात गरीब वस्त्यांमधली मुले शाळा सुटल्यावर येत. त्यांना संगणकावर आपल्या गोष्टी, आपली चित्रे, आपले खेळ करायचे होते. पण तेव्हाच्या संगणकभाषा त्यांच्यासाठी फार अवघड होत्या. म्हणजे स्क्रॅचचा जन्म श्रीमंतांच्या मुलांचे लाड करण्यासाठी झालेला नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. आज ते 'स्क्रॅच फाउंडेशन' या ना-नफा संस्थेकडे आहे, सत्तरहून अधिक भाषांत वापरता येते आणि नोंदणी केलेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे. फी एक रुपयाही नाही.

रेझनिक यांचे गुरू सेमूर पॅपर्ट. ते दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणिती. १९६७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. तिच्यातले कासव मुलाच्या सूचनेप्रमाणे चाले आणि मागे रेघ उमटवत जाई. स्क्रॅचचे मांजर हे त्या कासवाचे वारसदार. पॅपर्ट म्हणत, शिकण्याच्या साधनाचा उंबरठा बुटका आणि छत उंच असावे. म्हणजे नवख्याला आत येता यावे आणि तयार मुलाला वर जाता यावे. रेझनिक यांनी त्यात भर घातली की भिंतीही रुंद असाव्यात, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या आवडीच्या दिशेने जाता यावे.

भाषेच्या तासाची माणसे या खोलीत का?

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणक हा आमचा विषय नव्हे. तरी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस आम्ही दोघे-तिघे शिक्षक मुलांना घेऊन संगणकाच्या खोलीत बसतो. चालू स्थितीतले संगणक सहा, मुले वीस-बावीस. त्यामुळे एका संगणकावर तिघे-चौघे. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून स्क्रॅच संगणकावर उतरवून घेतले आहे. ते इंटरनेटशिवायही चालते.

भाषेच्या शिक्षकाला ही खोली परकी वाटत नाही, कारण तिथे व्याकरणच शिकवावे लागते. "दहा पावले चाल", "उजवीकडे वळ", "आवाज काढ" ही सगळी मराठी व्याकरणातली आज्ञार्थी वाक्ये. उर्दूत त्याला फेल-ए-अम्र म्हणतात. "जर भिंतीला लागलास तर मागे फिर" हे संकेतार्थी वाक्य, उर्दूतला जुमला-ए-शर्तिया. त्यात 'जर'चा भाग शर्त आणि 'तर'चा भाग जज़ा. शर्त पुरी झाली नाही तर जज़ा मिळत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून सांगतो. इथे मांजर ते करून दाखवते. 'जर'च्या ठोकळ्याला षट्कोनी खाच असते आणि तिच्यात फक्त खरे-खोटे ठरवणारा षट्कोनी ठोकळाच बसतो. म्हणजे व्याकरणात न बसणारे वाक्य जुळतच नाही. टाइप करून लिहायच्या भाषांत एखादा स्वल्पविराम सुटला तर पडद्यावर लाल अक्षरे येतात आणि नवखे मूल घाबरते. इथे ती भीती नाही. चूक झालीच तर ती विचारातली असते, शुद्धलेखनातली नव्हे.

इंग्रजीची अडचण मात्र येते. पडद्यावरचे पृथ्वीगोलाचे चिन्ह दाबून ठोकळ्यांची भाषा बदलता येते. अरबी किंवा फारसी निवडली, तर ठोकळे उजवीकडून डावीकडे मांडले जातात. उर्दू माध्यमाच्या मुलांनी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा खोलीत एकच गलका झाला. आपली लिपी चालते त्या दिशेने संगणकही चालू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण अरबी वाचता आली तरी अर्थ सर्वांना कळत नाही. म्हणून आम्ही इंग्रजी ठोकळेच ठेवले आणि भिंतीवर एक तक्ता लावला : प्रत्येक ठोकळ्याचे चित्र, त्याखाली उर्दू अर्थ आणि मराठी अर्थ. तिसऱ्या आठवड्यानंतर तक्त्याकडे पाहणाऱ्या माना कमी होत गेल्या.

चौकोनापासून आठ टोकांच्या ताऱ्यापर्यंत

एक उदाहरण सांगतो. घरी संगणक असेल तर वाचकांनी हे करून पाहावे. स्क्रॅचच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून 'पेन'चे जादा ठोकळे घ्यायचे आणि मांजराचे पेन खाली टेकवायचे. मग "चार वेळा कर" या ठोकळ्याच्या पोटात दोन ठोकळे ठेवायचे : "१०० पावले चाल" आणि "९० अंश वळ". झेंडा दाबला की चौकोन तयार.

आता त्रिकोण. मुले सरळ हिशेब करतात : समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून "तीन वेळा कर, १०० पावले चाल, ६० अंश वळ". झेंडा दाबतात आणि मांजर तीन रेघा ओढून भलतीकडेच जाऊन उभे राहते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, बिल्ली घर कू वापसच नहीं आई." उत्तर आम्ही दिले नाही. फरशीवर खडूने त्रिकोण काढला आणि तिला त्यावरून चालायला लावले. पहिल्या कोपऱ्याशी पोहोचल्यावर दुसऱ्या बाजूला वळताना ती थांबली. मग हळूच म्हणाली, की आपण तर खूप जास्त वळलो. ६० अंश हा आकृतीच्या आतला कोन. चालणारा वळतो तो बाहेरचा, १२० अंशांचा. पुस्तकातला 'बाह्यकोन' तिला पायांनी कळला.

त्यातून पुढचा नियम मुलांनीच शोधला. कोणतीही बंद आकृती एकदा फिरून पुरी केली की एकूण वळणे ३६० अंश भरतात. म्हणून पंचकोनाला ७२, षट्कोनाला ६०, अष्टकोनाला ४५. मग कोणीतरी विचारले, तारा कसा? पाच टोकांच्या ताऱ्यासाठी दर वेळी १४४ अंश वळावे लागते, कारण इथे चालणारा एकाऐवजी दोन पूर्ण फेऱ्या घेतो : ७२० भागिले ५. आणि आठ टोकांच्या ताऱ्यासाठी "आठ वेळा कर, १५० पावले चाल, १३५ अंश वळ". इथे तीन फेऱ्या होतात, १०८० भागिले ८.

हा आठ टोकांचा तारा पडद्यावर उमटला तेव्हा मुलांनी तो लगेच ओळखला. मशिदीच्या जाळीत, कुरआन शरीफच्या सुशोभित पानांवर, जुन्या फरशांवर त्यांनी तो पाहिलेला होता. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. ती कोरणाऱ्या कारागिरांकडे संगणक नव्हता, पण हिशेब असाच होता : एक आकार, एक वळण आणि ठरावीक वेळा पुनरावृत्ती. चौकोन काढणारी पूर्ण साखळी "आठ वेळा कर"च्या पोटात घातली आणि प्रत्येक चौकोनानंतर ४५ अंश वळवले, तर आठ चौकोनांचे फूल उमलते. एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन, हा संगणकशास्त्रातला महत्त्वाचा धडा. सहावीची मुले तो असा नक्षी काढता काढता शिकली.

'आत पाहा' नावाचे बटण

इथवरचे सारे एखाद्या पुस्तकातूनही शिकता आले असते. स्क्रॅचची खरी ताकद पुढे आहे. जगभरची मुले आपली कामे स्क्रॅचच्या जागेवर मांडतात : खेळ, गोष्टी, घड्याळे, गणिताची कोडी, चित्रफिती. प्रत्येक कामाशेजारी एक बटण असते. त्याचा अर्थ 'आत पाहा'. ते दाबले की त्या कामाचे सगळे ठोकळे उघड होतात. कोणीही वाचावेत, बदलून पाहावेत. ब्राझीलच्या मुलाने चेंडू उसळवला कसा, जपानच्या मुलीने पाऊस पाडला कसा, हे कुणाला विचारावे लागत नाही; समोर मांडलेलेच असते. मोबाइलमधल्या खेळाला असे दार नसते. तो फक्त खेळायला मिळतो.

आम्ही स्वतः याच वाटेने शिकलो. आम्हाला मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांची प्रश्नमंजूषा करायची होती : मांजराने उर्दू शब्द विचारावा, मुलाने मराठी प्रतिशब्द लिहावा, बरोबर आला तर गुण वाढावा. शिकवणारे जवळ कोणी नव्हते. शेजारच्या सायबर कॅफेत बसून आम्ही अनोळखी मुलांनी केलेल्या डझनभर प्रश्नमंजूषा 'आत पाहा'ने उघडल्या. एकीत "विचार आणि थांब" हा ठोकळा सापडला, दुसरीत गुण मोजण्याची रीत, तिसरीत प्रश्नांची यादी ठेवण्याची युक्ती. तिन्ही जोडून आमची मंजूषा तयार झाली. वर्गात चालवली तर पहिल्याच दिवशी तक्रार आली. 'इल्म'चे मराठी एका मुलाने 'ज्ञान' लिहिले, दुसऱ्याने 'विद्या'. मांजर दुसऱ्याला नापास करत होते. मुलांनीच हिरव्या ठोकळ्यांतून 'किंवा' शोधून काढला आणि दोन्ही उत्तरे मान्य केली. एका शब्दाला दोन बरोबर उत्तरे असू शकतात, हे यंत्राला सांगावे लागते. भाषेच्या तासाला याहून चांगला धडा कोणता?

नक्कल आणि शागिर्दी

पालक इथे हटकून विचारतात : "म्हणजे दुसऱ्याचे उचलायचे? ही तर नक्कल झाली." प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आम्हाला गरजेचे वाटते.

स्क्रॅचमध्ये दुसऱ्याच्या कामावर आपले काम उभारण्याला 'रिमिक्स' म्हणतात. स्क्रॅच हे नावही तिकडूनच आले आहे; डीजे तबकड्या पुढे-मागे घासून, जुन्या संगीतातून नवे संगीत जुळवतात, त्या तंत्राला 'स्क्रॅचिंग' म्हणतात. इथे मांडलेले प्रत्येक काम अशा परवान्याखाली येते की कोणीही ते वापरावे, बदलावे, मात्र मूळ करणाऱ्याचे नाव सांगावे आणि आपले कामही तसेच खुले ठेवावे. रिमिक्स केले की मूळ कर्त्याचे नाव संगणक आपोआप लावतो.

पण एवढ्याने भागते का? अँड्रेस मनरॉय-हर्नांडेझ, बेंजामिन माको हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्रॅचवरच्या मुलांचा अभ्यास करून २०११ साली एक निष्कर्ष मांडला. यंत्राने आपोआप लावलेल्या नावाचे मुलांना फारसे समाधान नसते. वापरणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत "हे मी अमक्याकडून घेतले, शुक्रिया" असे लिहिले, तर ते श्रेय मुलांना खरे वाटते. यंत्र नाव लिहू शकते, आभार मात्र माणसानेच मानायचे असतात.

आपल्या घरांत ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. आपल्याकडे रिवायत सांगताना ती कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, ही सनद आधी येते. शायरीत शागीर्द उस्तादाला कलाम दाखवी, इस्लाह घेई आणि अमक्याचा शागीर्द म्हणून अभिमानाने मिरवी. उस्तादाचे नाव लपवणे ही चोरी. नाव सांगून त्यात आपली भर घालणे ही शागिर्दी. आमच्या खोलीत नियम एकच आहे : काहीही घ्या, पण कोणाकडून घेतले आणि आपण काय बदलले, ही दोन वाक्ये उर्दूत किंवा मराठीत लिहा. 'काय बदलले' हे लिहिता आले नाही, तर काम झालेले नाही असे समजायचे.

याची एक मोठी साक्ष इतिहासात आहे. संगणकाला दिलेल्या टप्प्याटप्प्याच्या कृतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. आपल्या जलशांत हे अभिमानाने सांगितले जाते आणि सांगावेच. पण गोष्ट तिथे पुरी होत नाही. ज्या ग्रंथामुळे त्यांचे नाव युरोपभर झाले, तो होता भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा याबद्दल, आणि हे अंक भारतीयांचे आहेत असे त्यात सांगितलेले आहे. मूळ अरबी ग्रंथ आज उपलब्ध नाही. तो लॅटिन भाषांतरातून उरला. भारताने दिले, बगदादने त्यावर काम केले, युरोपने पुढे नेले. प्रत्येकाने दुसऱ्याचे दार उघडून पाहिले. आपल्या मुलांना अल-ख्वारिझ्मींचे नाव पाठ असण्यापेक्षा त्यांची ही रीत अंगी यावी, हे जास्त मोलाचे.

लॅपटॉप कोणाच्या खोलीत?

आता थोडे कडू बोलतो. घरात जुना लॅपटॉप आला तर तो भाईजानच्या टेबलावर जातो. बहिणीला सांगितले जाते, "तुला कशाला? आधी भाजी निवड." आमच्या खोलीतही सुरुवातीला माऊस मुलग्यांच्या हातात आणि मुली मागे उभ्या, असे होत असे. मग आम्ही दर दहा मिनिटांनी माऊस हात बदलेल, असा नियम केला. त्यानंतर दिसले ते असे : शिवणकाम, मेंदी आणि भरतकाम करणाऱ्या मुलींना पुनरावृत्ती आणि सममिती आधीपासून ठाऊक आहे. आठ चौकोनांच्या फुलाला दर वळणावर नवा रंग देण्याची कल्पना मेंदी काढणाऱ्या मुलीचीच.

दूर जायला नको. मुंबईच्या धारावीत 'धारावी डायरी' या उपक्रमातल्या शाळकरी मुलींनी काही वर्षांपूर्वी 'ॲप इन्व्हेंटर' शिकून घेतले. तेही ठोकळे जुळवूनच मोबाइलचे ॲप बनवण्याचे फुकट साधन आहे आणि आज ते एमआयटीकडेच आहे. ऑनलाइन धड्यांच्या आधारे त्यांनी जी ॲप केली, त्यांचे विषय त्यांच्याच गल्लीतले होते : सार्वजनिक नळावर पाण्यासाठी आपला नंबर आला की सूचना देणारे एक, आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी संकटात धोक्याची घंटा वाजवणारे दुसरे. नळावर रांगेत उभी राहिलेली मुलगीच असे ॲप सुचवू शकते. ज्या मुलीच्या हाती साधनच पडले नाही, तिच्या मनातली अडचण जगाला कळणार कशी?

घरी सुरुवात कशी करावी

पालकांना कोडिंग येण्याची गरज नाही. एवढे जमले तरी पुष्कळ.

पहिली पायरी संगणकाशिवायच. मोठ्या मुलाने धाकट्याला 'यंत्र' बनवावे आणि दारापासून पाण्याच्या माठापर्यंत फक्त आज्ञांनी न्यावे : चार पावले पुढे, उजवीकडे वळ, दोन पावले. यंत्राने सांगितले तेवढेच करायचे. भिंतीवर आपटले तर दोष यंत्राचा नव्हे, सूचनेचा. शीरखुर्म्याची कृतीही अशीच लिहायला सांगावी. "थोडे दूध" हे यंत्राला कळत नाही, हे मुलाच्या तेव्हा ध्यानात येते.

दुसरी पायरी साधनाची. स्क्रॅच साधारण ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. संगणक किंवा टॅब्लेटवर ते नीट चालते. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ठोकळे जुळवणे जिकिरीचे होते. ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी २०१४ पासून 'स्क्रॅच ज्युनिअर' आहे. त्यात ठोकळ्यांवर चित्रेच असतात, वाचता येण्याची अट नाही. घरात फक्त मोबाइल असेल, तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठात सुरू झालेल्या 'कॅट्रोबॅट' प्रकल्पाचे 'पॉकेट कोड' मोबाइलसाठीच केलेले आहे.

तिसरी पायरी सावधगिरीची. स्क्रॅच खाते न काढताही वापरता येते आणि आपले काम जगापुढे मांडणे सक्तीचे नाही. खाते काढायचेच असेल तर ई-मेल अम्मी किंवा अब्बांचा द्यावा. वापरायचे नाव टोपण असावे. खरे नाव, शाळा, फोटो, फोन नंबर, पत्ता यांतले काहीही लिहू नये. लहान मुलाने हे काम बैठकीच्या खोलीत, मोठ्यांच्या नजरेसमोर करावे. वेळ ठरवून द्यावी आणि अजान झाली, जेवण वाढले की उठायचे, हा नियम इथेही लागू.

चौथी पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. मुलाने काही केले की त्याच्याशेजारी बसून विचारावे, "हे कसे केलेस? आत दाखव." त्याला समजावून सांगता आले, तर तो शिकला.

शिकवणीवाल्यांच्या भीतीला भुलू नये. आठ वर्षांच्या मुलाला नोकरीसाठी तयार करण्याची घाई कशाला? पण याचा अर्थ हा पोरखेळ आहे असेही नव्हे. क्रम, अट, पुनरावृत्ती, संख्या साठवून ठेवणारे 'चल' यांवरच पुढच्या भाषा उभ्या आहेत. आमच्या खोलीतल्या नववीच्या दोघा मुलांनी आता 'पायथॉन' हाती घेतली आहे. तिथे ठोकळे नाहीत, टाइप करावे लागते; पण 'जर' आणि 'तोपर्यंत' त्यांच्या ओळखीचे आहेत.

काही जण म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहून देते, मग मुलांनी कशाला शिकायचे? आमचे म्हणणे असे, की यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की चूक, हे ज्याला आत डोकावता येते त्यालाच कळेल. हिशेबनीस ठेवला तरी दुकानदाराला हिशेब वाचता आला पाहिजे.

येत्या शैक्षणिक वर्षापासून आम्ही आमच्या खोलीची वेळ वाढवत आहोत. शनिवारी दुपारी पालकांनाही आत बसता येईल. पहिल्या दोन शनिवारी अम्मींसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. आपल्या भागातल्या शाळेत संगणकाची खोली कुलूपबंद असेल, तर मुख्याध्यापकांना भेटावे आणि आठवड्यातले दोन तास तरी ती उघडण्याची विनंती करावी. चार पालक मिळून गेले तर नाही म्हणणे जड जाते.